तिसऱ्या मजल्याची गॅलरी

“या अ‍ॅफिडेव्हिटवर अंगठा तुमचाच ना, तात्या?”

“व्हय.”

“वाचून दाखवलं होतं?”

“दाखवलं की.”

बारामतीच्या दिवाणी कोर्टात मी बिल्डरच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेत होते. शंकरतात्या, पिंपळीचे मिस्त्री, साठी ओलांडलेले. माझे अशील म्हणजे जळोचीतल्या एका चार मजली इमारतीचे रहिवासी. पार्किंगमधल्या बीमला तडा गेला होता. रहिवाशांनी घरातल्या भिंती फोडल्या म्हणून तडा गेला, असं बिल्डरचं म्हणणं. बांधकामच कच्चं, असं आमचं.

काँक्रीट ओतण्याआधी खालून टेकू देतात. ते घट्ट होईपर्यंत टेकू काढायचे नसतात. एवढ्या लांब बीमला निदान तीन आठवडे. तात्यांच्या अ‍ॅफिडेव्हिटमध्ये होतं, टेकू महिनाभर ठेवले. ते खोडून काढायला माझ्याकडे एकही कागद नव्हता. साक्षीदाराला गोंधळात पाडायचं, एवढीच माझी तयारी.

“टेकू कितव्या दिवशी काढले?”

तात्यांनी मागे पाहिलं. बाकावर बिल्डर बसला होता. वीस वर्षं तात्यांना काम देणारा.

“आठव्या दिवशी,” तात्या म्हणाले. “दुसऱ्या साइटला पायजे हुते. मीच काढलं. कागदात लिवलंय ते खरं न्हाय.”

बिल्डरचे वकील ताडकन उठले. जजसाहेबांनी त्यांना बसवलं आणि तात्यांना विचारलं,

“बाबा, हे तुमच्याच अंगावर येऊ शकतं. कळतंय ना?”

“कळतंय साहेब. लिवून घ्या.”

हवं ते उत्तर मिळालं की वकिलाने खाली बसायचं. माझ्या सीनिअरनी हे डोक्यात अगदी ठोकून बसवलंय. पण मी त्या माणसाकडे बघतच राहिले. आणि जे कधीच विचारू नये, ते विचारलं.

“आणखी काही सांगायचंय?”

“हाय. तिसऱ्या मजल्याची मागली गॅलरी. तिच्या सळ्या वरच्या अंगाला पायजेत, न्हायतर ती वजनानं मोडती. माल वतताना पायाखाली दबून त्या खाली गेल्या. तशीच भरली आमी. तिच्याखाली कुणाला बसू देऊ नका.”

गॅलरीचा आमच्या दाव्यात उल्लेखही नव्हता. तिच्याखाली सोसायटीचा सिमेंटचा बाक होता. संध्याकाळी तिथं म्हाताऱ्या बायका गप्पा मारत बसायच्या. मी कोर्टातून बाहेर येऊन आधी सेक्रेटरींना फोन केला.

तात्या पायऱ्यांवर चप्पल घालत होते.

“आता कामाचं काय, तात्या?”

“बघू. हात हायत की अजून,” म्हणाले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.

दोन दिवसांनी इंजिनिअर आले. सळ्या कुठे आहेत ते दाखवणारं मशीन त्यांनी गॅलरीवर फिरवलं, बंद केलं, आणि गॅलरीत उभ्या असलेल्या त्या घरच्या काकूंना म्हणाले, “तुम्ही जरा हळूच आत या.”

सळ्या खालीच होत्या.

बिल्डरने तडजोड केली. गॅलरी पाडून नवी झाली, बीमही दुरुस्त झाला. तात्यांना त्याने पुन्हा बोलावलं नाही. ते आता सणसरच्या बाजूला घरं बांधतात.

उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न विचारावा का, असं ज्युनिअर विचारतात. मी अजूनही ‘नाही’च म्हणते. समोर तात्यांसारखा माणूस असेल, तर मात्र जरूर विचारावा. तसा साक्षीदार मला अजून दुसरा मिळालेला नाही.