गणपतीची रजा

कँटीनमध्ये मोदक उकडताहेत, हळदीच्या पानांचा वास पार माझ्या केबिनपर्यंत आलाय. रत्नागिरीच्या या मासळीच्या कारखान्यात एचआरला मी नवीन होते तेव्हा, कोळंबीचा माल भरपूर आला म्हणून पॅकिंगमधल्या एका मावशींची गणपतीची रजा मी नाकारली होती. चतुर्थीच्या दुपारी घरून आलेला डबा बर्फाने सुरकुतलेल्या हातांत धरून त्या समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलणी खायची. एरवी मॅडम म्हणणाऱ्या मावशी मोदक पुढे करत म्हणाल्या, "खा गो बाय, तुला पण कोणी रजा दिलीन नाय वाटतं?" मी तोंड फिरवून खाल्ला. मावशी केव्हाच निवृत्त झाल्या, मी विभागप्रमुख झाले. आत्ता कँटीनवाला मोदकाची बशी टेबलावर ठेवून विचारतोय, "मॅडम, माझ्या गौरीच्या रजेचं काय?"