कुलूपमामांनी लहान केलेला व्हिडिओ

गल्लीत सगळे त्यांना कुलूपमामा म्हणत. बँकेच्या लॉकरखोलीत सगळी नोकरी काढलेला माणूस. दार लावलं की ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं. घरात चोरण्यासारखं काय होतं, हे चोरालाही सांगता आलं नसतं. तरी जगाचा डोळा आपल्याच घरावर आहे, याची मामांना पक्की खात्री. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरसुद्धा जखमेवरची चिकटपट्टी लावलेली.

मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "चालतानाचा व्हिडिओ पाठवा. गुडघा वाकत नसेल तर पुन्हा उघडावा लागेल." मामींना गुडघ्याची काळजी लागली, मामांना व्हिडिओची. दार लावून त्यांनी फोनवर तो काढला, पण फाइल एवढी अगडबंब की काही केल्या जाईना.

"द्या मामा, लहान करून देतो," कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणाला.

"आणि तुझ्या मशीनमध्ये राहिला तर?"

"मामींचा गुडघा ठेवून मी काय करू?"

संशयाला औषध नसतं. मामा तडक घरी आले. इंटरनेटवर फुकटात लहान करून देणाऱ्या साइट होत्या, पण व्हिडिओ आधी त्यांच्याकडे पाठवायचा. "म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" मामा कडाडले. शेवटी भाचीने सगळं काम मामांच्याच लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय करणारं सॉफ्टवेअर बसवून दिलं. तरीही मामांनी राउटरची वायर उपटलीच.

पडद्यावर प्रश्न आला, आवाज काढून टाकायचा का? मामांनी इकडेतिकडे बघून हो म्हटलं. "आवाजाने फाइल फुगते," ते म्हणाले, कुणी विचारलं नसताना. खरं तर त्या फाइलीत आवाज म्हणजे भाजीतल्या मिठाएवढा. व्हिडिओ लहान झाल्यावर त्यांनी मूळ फाइल फोनमधून, लॅपटॉपमधून, कचरापेटीतूनही पुसली. मग वायर लावली आणि व्हिडिओ पाठवला.

संध्याकाळी डॉक्टरांचं उत्तर आलं: गुडघा छान वाकतोय, ऑपरेशन नको. मामींना रडूच फुटलं. "मलाही दाखवा ना," त्या म्हणाल्या. पडद्यावर मामी वॉकर सोडून भिंतीपासून कॅमेऱ्यापर्यंत चालत आल्या. कसलाच आवाज नव्हता.

"अहो, आवाज कुठाय?"

"डॉक्टरांना गुडघा बघायचा होता."

"मला ऐकायचं होतं. तुम्ही म्हणत होतात, 'ये गं, घाबरू नकोस, मी आहे ना.' एवढ्या संसारात पहिल्यांदा. जुना व्हिडिओ लावा."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "तो पुसला. सुरक्षिततेसाठी."

मामींनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "कुणापासून जपलंत एवढं? माझ्यापासून?"

मामांना मनापासून लाज वाटली. ते उठले. दार लावलं, ओढून पाहिलं. खिडकी बंद केली, पडदा सारला, राउटरची वायर पुन्हा उपटली. मग मामींसमोर उभं राहून हळूच म्हणाले, "ये गं..."

"आधी ती खिडकी उघडा," मामी म्हणाल्या, "आणि मग म्हणा."