सुपडू सुताराचं माप

लोणखेड्यातला आमचा शेजारी सुपडू सुतार गज किंवा दोरी कधी वापरायचा नाही. बैल जवळ उभा करायचा, त्याचा खांदा आपल्या छातीवर कुठे टेकतो ते बघायचा आणि जू नि त्याखालची गाडीची दांडी यांच्यामध्ये किती जाड ठोकळा घालायचा ते ठरवायचा. बैल उंच, तर ठोकळा जाड. भरलेली गाडी सपाट राहिली पाहिजे. पुढे झुकली तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. चाळीस वर्षांत आपलं माप चुकलं नाही, हे तो येता-जाता ऐकवायचा. माणूस गुणी, पण भारी हेकट.

१९३८च्या उन्हाळ्यात चुडामण पाटलाच्या नव्या जोडीचे खांदे सोलवटले. तो तक्रार घेऊन आला, तर सुपडू जागचा हललासुद्धा नाही.

"मन्हं माप चुकत नही. तूच पुढे जास्त भरस."

चुडामण भांडला नाही. घरून आपला म्हातारा बैल घेऊन आला.

"दहा वरीस पहिले याना खांदा तुमना छातीले लागे. आते उभा ऱ्हाई पहा, आबा."

सुपडू उभा राहिला. खांदा गळ्याच्या हाडाशी आला.

"बैल वाढना नही, आबा," चुडामण हळू आवाजात म्हणाला.

पाठ कधी वाकली ते सुपडूला कळलंच नव्हतं. त्याला प्रत्येक बैल उंच वाटत गेला, ठोकळे जाड होत गेले, गाड्या पुढे झुकत गेल्या. आम्हा शेजाऱ्यांना त्याची पाठ रोज दिसत होती आणि आम्ही गप्प बसलो, याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तो लाकूड तासायचा वाकस आणि खुणा केलेली काठी घेऊन निघाला. मी सोबत गेलो. गेल्या तीन वर्षांत हाताखालून गेलेली प्रत्येक गाडी शोधून त्याने ठोकळा तासला आणि दर दारात म्हणाला, "चूक मन्ही शे."

शेवटची गाडी सातपुड्याच्या पायथ्याशी, दलसिंगाची. गोठ्यात एकच बैल होता. दुसऱ्याच्या खांद्याची जखम चिघळली आणि तो होळीआधीच मेला होता. दलसिंगाने शिवी दिली नाही. खाट टाकली, पाणी आणलं. सुपडू पाणी न पिता गाडीकडे वळला.

"ऱ्हाऊ द्या, आबा. जोडी कोठे शे आते?"

"दुसरा बैल लई येशी, तवय त्यानी मान वाचाले पाहिजे."

उरलेला बैल उभा केला. सवयीने सुपडू त्याच्या खांद्याला छाती लावायला गेला, थांबला, आणि काठी दलसिंगाच्या हातात दिली.

"तूच मोज," तो म्हणाला. "मन्हा आंगवर आते भरोसा ठेवू नको."