दोन जोड्या

रावेर तालुक्यातल्या उखर्डू भंगाळेंकडे बीएसए कंपनीची जुनी विलायती फटफटी होती. केळीचा हंगाम बरा गेला त्या वर्षी, तरुणपणी, सावद्याच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी ती घेतली, ती एकोणीसशे एक्क्याण्णव साल आलं तरी चालवतच होते. मुलगा म्हणायचा, नाना, आता हलकी गाडी घ्या. नाना हसायचे आणि किक मारायचे. मळ्याकडून गाडी निघाली की इंदिराबाईंना घरात बसल्या आवाज कळायचा आणि त्या चुलीवर तवा ठेवायच्या.

या गाडीला हात लावायचा हक्क एकट्या चुडामणचा. चुडामण नानांचा शाळेपासूनचा सोबती. रावेरला स्टँडच्या मागे त्याचं गॅरेज होतं. ते सुरू झालं त्या दिवशी नानांनी मुद्दाम धड चालणारी फटफटी दुरुस्तीला नेऊन उभी केली होती, पहिलं गिऱ्हाईक आपलं असावं म्हणून. चुडामणच्या वरातीत नवरानवरी याच गाडीवर बसली होती. गाडीचं काय करायचं हे नाना स्वतः कधी ठरवत नसत. चुडामण म्हणेल ते.

त्या उन्हाळ्यात रस्त्यातल्या मोरीच्या कठड्याला गाडी धडकली. नानांना फारसं लागलं नाही, पण पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या दोन्ही नळ्या वाकल्या. चाक इंजिनाला टेकलं. चुडामणने नळ्या काढून उन्हात धरल्या आणि मान हलवली.

"ह्या गेल्या. सरळ करून चालत नाही, एकदा वाकलेलं लोखंड तिथंच पुन्हा वाकतं. दुसऱ्या पाहाव्या लागतील."

"कुठी मिळतील?"

"धुळ्याले भाईदास आहे ना. आग्रा रोडले. जुन्या गाड्यांचा माल त्याच्याकडेच. चाल, मी येतो."

दोघं सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. वाटभर चुडामण खुशीत होता, पारोळ्याला त्याने नानांना भजी खाऊ घातली.

भाईदासचं दुकान लांबट आणि अंधारं. छतापासून टाक्या, मडगार्ड, हँडल लोंबत होते. त्याने नानांना स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि आतून नळ्यांच्या दोन जोड्या आणून काचेच्या काउंटरवर ठेवल्या. एक जोडी आरशासारखी चकचकीत. दुसरी मळकट, वरच्या टोकाला गंजाचे ठिपके पडलेली.

"या दोनच जोड्या शेतस," भाईदास म्हणाला. "बठ्ठा धुळामा तिसरी नही मिळाव."

चुडामणने एकेक नळी काचेवर लोळवून पाहिली. नाना चहा पीत बसले होते. उठून पाहावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. चकचकीत नळीवरून चुडामण अंगठा फिरवत होता, मध्येच एका जागी तो जरा थांबला, मग पुढे गेला. एवढं मात्र नानांनी पाहिलं.

"ही घे," चुडामणने चकचकीत जोडी पुढे केली. "त्या गंजल्या आहेत. ऑईल सील फाडून टाकतील, चार दिवसांत तेल गळेल."

भाईदास काहीतरी बोलणार होता. "भाऊ, तो गंज तर वर शे, तठे सील..."

"मले शिकवतो का?" चुडामण हसत म्हणाला. भाईदासही हसला आणि नळ्या कागदात गुंडाळू लागला. परतताना चुडामण म्हणाला, इथल्या साडूकडे जाऊन येतो, आज मुक्कामच करतो. नाना एकटेच नळ्या मांडीवर घेऊन घरी आले.

गाडी पुन्हा उभी राहिली. पावसाळा बरा गेला. दिवाळीनंतर भाऊबीज आटोपून नाना आणि इंदिराबाई फैजपूरहून घरी येत होते. रस्त्यात खडी उखडलेली होती, गाडी काही वेगात नव्हती. एका खड्ड्यात पुढचं चाक आदळलं आणि डावी नळी मधोमध दुमडली. दोघंही रस्त्याच्या कडेला फेकली गेली. नानांचा गुडघा फुटला. इंदिराबाईंचं मनगट मोडलं, आणि ते उजव्या हाताचं.

चुडामण दवाखान्यात धावत आला. इंदिराबाईंच्या उशाशी बसला, डोळ्यांत पाणी आणलं. "त्या भाईदासला मी सोडणार नाही वहिनी," म्हणाला. "वाकलेल्या नळ्या सरळ करून वर क्रोम चढवलं आणि गळ्यात मारल्या. धुळ्याचे लोक असेच."

नानांना ते पटलं. गुडघा बरा होताच ते धुळ्याला गेले, एकटे. सोबत दुमडलेली नळी नेली आणि भाईदासच्या काउंटरवर आपटली. तोंडाला येईल ते बोलले. बायकोचा हात मोडला, तुझ्या दुकानाला आग लागो, म्हणाले.

भाईदासने सगळं ऐकून घेतलं. नळी उचलून पाहिली.

"भाऊ, मी सांगाले गयथू. तुमना दोस्तनी बोलू दिनं नही. ती दुसरी जोडी असल व्हती. गंज वरना भागले, तठे सील जातच नही."

"मग ती मला का नाही दिली?"

"तुमले कशी देऊ? तुमना दोस्तच दुसरा दिन ईसन लई गया." नानांच्या चेहऱ्याकडे पाहून भाईदासचा आवाज खाली आला. "तुमले माहीत नही का? तशीच गाडी व्हती त्यास्नी. आठेच साडूना घर उभी व्हती. दसरामा पुणाना एक शेठ लई गया."

नाना स्टुलावर बसले. काचेवर थांबलेला तो अंगठा त्यांना आठवला. कळलं होतं त्याला. तिथे बोटाला उंचवटा लागला होता आणि तरी त्याने ती नळी आपल्या हातात दिली होती, इंदिरा मागे बसते हे माहीत असून. भाईदासने चहा मागवला. नानांनी त्याची माफी मागितली, चहा मात्र त्यांच्याच्याने पिववला नाही.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवर गेले. चुडामण कार्बोरेटर धूत होता. नानांनी आवाज चढवला नाही.

"भाईदासकडे गेलो होतो."

चुडामणचा हात थांबला. त्याने कार्बोरेटर रॉकेलच्या डबड्यात सोडला. मग म्हणाला, "ती गाडी असल मालाशिवाय विकली जात नव्हती. पुण्याचा माणूस एकेक नट पाहत होता. तुझी त रोजची गाडी. मले वाटलं, तू हळूच चालवतो, निभावेल."

"मले सांगतलं का नाही?"

"सांगतलं असतं त तू ती जोडी सोडली असती?"

"सोडली असती," नाना म्हणाले. "मांगून त पाहायचं होतं."

 चुडामण रडला असता तर नानांना बरं वाटलं असतं. पण त्याने कार्बोरेटर उचलला आणि पुन्हा धुवायला घेतला. नाना निघाले.

महिन्याभराने चुडामणने कुठूनतरी अस्सल नळ्या मिळवून घरी पाठवल्या. इंदिराबाई म्हणाल्या, ठेवून घ्या, आपल्याच आहेत. नानांनी त्या आल्या पावली परत धाडल्या. मग जळगावला पिंप्राळ्यात एका दुकानाचा पत्ता लागला, तिथे ते स्वतः गेले. दुकानदाराने एक जोडी दाखवली. नानांनी नळी काचेवर लोळवली, अंगठा फिरवला, पुन्हा लोळवली. सरळ दिसत होती, पण खात्री पटेना. शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारावं असं वाटलं आणि विचारवेना. दुपार झाली. दुकानदार कंटाळून म्हणाला, "आजोबा, विश्वास ठेवा." ते ऐकून नाना नळ्या तिथेच ठेवून बाहेर पडले. त्या पुढच्या आठवड्यात परत जाऊन त्यांनी त्याच घेतल्या.

गाडी चालू झाली. इंदिराबाई मात्र परत तिच्यावर बसल्या नाहीत. त्यांच्या मनगटात वाक राहिला, भाकरी थापताना ती एका बाजूला जाड होई. नाना ती न बोलता खात.

दोन वर्षांनी चुडामणच्या मुलीचं लग्न निघालं. तो पत्रिका घेऊन स्वतः आला आणि ओट्याखालीच उभा राहिला. नाना लग्नाला गेले, आहेर केला, पंगतीत जेवले. घरी आल्यावर इंदिराबाईंनी विचारलं, "बोलले का त्याच्याशी?"

"बोललो."

"काय म्हटलं?"

"वांग्याची भाजी चांगली झाली म्हटलं," नाना म्हणाले आणि टोपी खुंटीला अडकवून मळ्याकडे निघाले.