चित्रांकडे पाठ

पाचव्या दालनात पोचेपर्यंत भाचीचे पाय भरून आले होते, आणि डोकं तर त्याच्याही आधी भणभणायला लागलं होतं. संग्रहालयाला आज सुट्टी. एवढ्या लांबलचक इमारतीत या दोघीच. मावशी पुढे, भाची मागे.

मावशी इथे बावीस वर्षं पहाऱ्यावर होती. महिनाअखेरीला निवृत्ती. पण इथल्या प्रमुख बाईंनी तिला म्हटलं होतं, सोमवारी चार पाहुण्यांना युरोपातल्या जुन्या नामवंत चित्रकारांची ही चित्रं फिरून दाखव. जमलं तर पुढेही गाईड म्हणून ये. मावशीला घरी बसायचं नव्हतं. म्हणून आजची ही रंगीत तालीम, आणि ऐकायला शाळेत शिकवणारी भाची धरून आणलेली.

“आता या बाईंकडे बघा,” मावशी खणखणीत आवाजात म्हणाली. तालमीपुरतं ती भाचीलाही अहो-जाहो करत होती. “नवरा समुद्रावर गेलाय. हातात त्याचं पत्र, पण उघडायचा धीर होत नाही. उजेड कसा बरोब्बर पत्रावर पडलाय!”

भाचीने बघितलं. चित्रात एक मासा होता. शेजारी अर्धवट सोललेलं लिंबू.

“मावशी, बाई कुठाय?”

“समोर! डोळे काय घरी ठेवून आलीस?”

मागच्या दालनात वादळातल्या जहाजापुढे मावशीने श्रीमंत व्यापाऱ्याच्या गळ्यातल्या पांढऱ्या झालरीचं कौतुक केलं होतं. भाचीने झालर शोधली, सापडली ती शिडं. तेव्हा तिला वाटलं होतं, परदेशी चित्रं, आपल्यालाच कळत नसतील. पण मग आई आणि तान्ह्या बाळाच्या चित्रापुढे मावशी सिंहाच्या पायातला काटा काढणाऱ्या साधूबद्दल बोलायला लागली, आणि भाचीला मावशीचीच काळजी वाटायला लागली. आई गेल्यावर याच मावशीने तिला वाढवलं होतं. त्या चित्रातल्या आईपुढेच तिने हात जोडले. कुठली का माउली असेना. हिचं डोकं तेवढं शाबूत ठेव गं बाई.

आता मात्र तिचं लक्ष चित्रावरून मावशीवर गेलं. हात मागे बांधलेले, पाठ भिंतीला, नजर दारावर. पाचही दालनांत ती अशीच उभी राहिली होती.

“मावशी, तू एकदाही मागे वळून बघितलं नाहीस.”

“पहारेकऱ्याने चित्राकडे नाही बघायचं, माणसांकडे बघायचं. पहिल्याच दिवशी शिकवलं मला. आपण चित्रात रमलो, की कुणाचं तरी बोट रंगावर.”

“मग हे सगळं पाठ कसं?”

“गाईड बोलायचे, मी ऐकायचे. पहाऱ्याच्या कुठल्या खुर्चीमागे कुठलं चित्र, सगळं तोंडपाठ.”

“आणि मध्ये भिंतींच्या रंगकामाला दालनं बंद होती ना?”

“दोन महिने. मला फाटकावर बसवलं होतं. कालच परत आत आले, आणि...”

मावशी बोलता बोलता थांबली. मग सावकाश वळली.

माशाकडे ती बराच वेळ बघत राहिली. “चित्रं हलवलीत गं सगळी,” ती पुटपुटली. “येता-जाता दिसायचा हा मासा. पण याचा डोळा असा ओला आहे, हे कुणी बोललंच नव्हतं.”

भाचीचा जीव भांड्यात पडला. तिने लगबगीने पिशवीतून वही काढली. “घाबरू नकोस. नवीन जागा लिहून घेऊ. तीन दिवसांत पाठ होईल तुझं.”

“वही ठेव बाजूला.” मावशीने कोपऱ्यातली आपली खुर्ची ओढली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि अवघडून बसली. तिची नजर पुन्हा पुन्हा खांद्यावरून दाराकडे जात होती. “माझं एक काम कर. तू दाराकडे तोंड करून उभी राहा.”

“आज कोण येणार आहे इथे?”

“कुणी नाही. तरी राहा उभी. पहाऱ्यावर कुणी असल्याशिवाय मला बघवत नाही गं.”