स्वतःचंच बोट

बिद्रीच्या साखर कारखान्यातली रात्रपाळी संपवून तो सकाळच्या एस.टी.त माझ्याशेजारी बसायचा. अंगाला मळीचा वास, डोळे तांबारलेले. मी मास्तर आहे हे त्याला कळलं आणि माझी डुलकी संपली. मॅट्रिकचं इंग्रजी राहिलं होतं त्याचं. शब्दांच्या जाती तो बोटांवर पाठ करायचा: अंगठा नामाचा, शेजारचं बोट क्रियापदाचं, मधलं विशेषणाचं. शब्द आठवला की त्याच्या जातीचं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरायचा.

एकदा म्हणाला, "पावणं, 'टायर्ड' कुठल्या बोटावर?"

"मधल्या. पण एवढा आटापिटा कशाला?"

"मॅट्रिक झालो की हापिसात दिवसपाळी मिळंल. पोरगी मला निजलेलाच बघती की वो."

एवढं बोलून मधलं बोट मुठीत धरूनच तो झोपला. रंकाळा स्टँडवर मी त्याला हलवून उठवलं. लेकीला चालवत न्यावं तसं स्वतःचंच बोट धरून तो उतरला.