बेबाबाईची रग

नरडाण्याच्या त्या धान्याच्या गोदामात रग हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. क्विंटलाची गोणी पाठीवर घेऊन थप्पी चढणाऱ्या हमालाच्या अंगात रग असली की ती ताकद. बाईच्या अंगात असली की तो माज, आणि तो जिरवायचा असतो. बेबाबाईने हे पंचवीस वर्षं ऐकून घेतलं. ऐकून घेतलं म्हणजे काय, दातओठ खाल्ले.

तिचं काम झाडायचं, मका चाळायचा आणि गोण्या शिवायच्या. शिवलेली गोणी वजनकाट्यापर्यंत ओढत न्यायचीही तीच, पण त्याला कोणी काम म्हणत नव्हतं. हमालांच्या टोळीत एक माणूस कमी पडला, तेव्हा तिने मुकादम चिंधाला सरळ विचारलं, "माले ले ना टोळीमा."

चिंधा हसला. "तुनी रग जिभमा शे, बेबा. पाठमा नही."

टोळी फिदीफिदी हसली.

दिवाळीनंतर मक्याची आवक वाढली आणि एका दुपारी थप्पी ढासळली. टोळी चहाला गेलेली. चिंधा एकटा खाली सापडला, छातीवर गोण्या. बेबाबाई सुई टाकून धावली. एकेका गोणीला कव घालून तिने सहा गोण्या उचलून बाजूला फेकल्या. टोळी परत आली तेव्हा चिंधा बाहेर पडलेला होता आणि बेबाबाई केस सुटलेली, डोळे लाल, धापा टाकत उभी.

"बेबाना अंगमा देवी उनी," कोणीतरी म्हणालं, आणि गावाने तेच धरून ठेवलं. पंचवीस वर्षं समोर गोण्या ओढणारी बाई कोणाला दिसली नव्हती. न दिसलेली देवी मात्र सगळ्यांना लगेच दिसली.

दुसऱ्या दिवशी तिचा झाडू दुसरीच्या हातात होता. कालपर्यंत "ए बेबा" म्हणणारे गोदामाचे मालक माणकचंदशेठ हात जोडून "माताजी" म्हणाले. "देवीकडून झाडून घेऊ? पाप लागेल मला." शेठाणी सायरबाईंनी तिच्या अंगावर चुनरी पांघरली. गोदामाच्या दारात खुर्ची टाकली आणि दर मंगळवारी तिने तिथे बसायचं ठरवलं. ठरवलं त्यांनीच, हिला विचारतंय कोण? काम गेलं आणि नारळ आले. नुसते नारळ किती दिवस खायचे?

"गोण्या मी उचल्यात, मना हातनी," ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. बाया कौतुकाने एकमेकींकडे बघायच्या. देवी अशीच बोलते म्हणे. बेबाबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

खरं एकाच माणसाला माहीत होतं. चिंधाने खालून तिचा श्वास ऐकला होता आणि तिची शिवीही ऐकली होती. पण देवीने वाचवलं तर मान वाढतो. झाडणाऱ्या बाईने वाचवलं तर टोळीत तोंड कुठे दाखवायचं? म्हणून गोष्ट सगळ्यात रंगवून तोच सांगायचा. त्याला म्हणे पैंजण ऐकू आले. पैंजण! त्या बाईच्या पायात उभ्या जन्मात साधी चप्पल नव्हती.

तिसऱ्या मंगळवारी तोच छातीला पट्टा बांधून नारळ घेऊन आला आणि पायाशी वाकला. "डोकावर हात ठेव, माय."

तिने उजवा हात उचलायला घेतला. तो खांद्यापर्यंतही गेला नाही. त्या दिवसापासून खांद्याला रग लागली होती, घास घेतानाही कळ यायची.

"चिंधा," ती म्हणाली, "देवीना खांदाले रग लागस का?"

बाया पुढे सरकल्या.

"तू खाले व्हता. सांग, वर कोन व्हतं? काय बोलनी ती?"

चिंधाने त्या लोंबत्या हाताकडे पाहिलं. तीस वर्षांच्या हमालीत असा खांदा त्याने स्वतःच्या अंगावर वागवला होता. त्याने मान खाली घातली. "सरक रे मेल्या, असं बोलनी. देवी नव्हती. बेबाच व्हती."

ज्याने त्याने आपापला नारळ उचलला. सायरबाईंनी चुनरी काढून घडी घातली. शेठचे जोडलेले हात सुटले.

"ए बेबा, ऊठ खुर्चीवरून. उद्यापासून झाडायला ये."

"झाडाले नही. टोळीमा."

"तिले लेस मी टोळीमा," चिंधा खालूनच म्हणाला. "खांदा बरा व्हऊ दे."

शेठ भडकले ते मात्र तिच्यावरच. "तीन मंगळवार खुर्चीवर काय बसवली, अंगात भलतीच रग आली तुझ्या."

बेबाबाई डाव्या हाताचा जोर लावून उठली.

"उनी नही, शेठ. पहिलेपासूनच शे."